आतून तडकलेलं बाहेरून कसं कळावं?

१. प्रश्न साधा, उत्तर अवघड

नवी विमानं म्हणे प्लास्टिकची असतात. मग ती आतून तडकली तर कळतं कसं? अभियांत्रिकीशी काही संबंध नसलेला माणूसही हा प्रश्न विचारतो, आणि तो अगदी रास्त आहे. हे ‘प्लास्टिक’ म्हणजे कंपोझिट, रेझिनमध्ये बारीक तंतू बसवून घडवलेला पदार्थ. बोईंग ७८७ च्या रचनेत वजनाने सुमारे ५० टक्के भाग कंपोझिटचा असतो, एअरबस ए३५० मध्ये ५३ टक्के, आपल्या तेजस लढाऊ विमानात सुमारे ४५ टक्के. ७८७ मध्ये प्रवाशांच्या पायाखाली असणाऱ्या कंपोझिटच्या तुळयांपैकी काही नागपूरच्या मिहानमधल्या कारखान्यात घडल्या आहेत. साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला फिरणारी पवनचक्क्यांची पातीही याच जातीची. त्यांत भर असतो तो काचेच्या तंतूंवर. थोडक्यात, हा पदार्थ आता आपल्या डोक्यावरून उडतो आणि आपल्या डोंगरांवर फिरतो.

धातूची विमानंही तडकतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी असते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या एका बोईंग ७३७ चं पुढच्या भागातलं छत सुमारे २४ हजार फुटांवर उखडून गेलं. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झालेली होती. रिव्हेटांच्या भोकांभोवती वर्षानुवर्षं वाढत गेलेल्या बारीक चिरा एकमेकींना मिळाल्या आणि पत्रा फाटला. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं, पण एका हवाई सेविकेचा जीव गेला. चौकशीत एक गोष्ट पुढे आली ती फार बोलकी आहे: विमानात चढताना एका प्रवासी महिलेला बाहेरच्या पत्र्यावर चीर दिसली होती, तिने ती कोणाला सांगितली नाही. म्हणजे धातूतली चीर, उशिरा का होईना, साध्या डोळ्यांना दिसण्याइतकी पृष्ठभागावर आलेली होती. कंपोझिटमध्ये ही सवलत मिळेलच याचा भरवसा नाही, आणि म्हणूनच गेली काही दशकं संशोधक एका कल्पनेच्या मागे आहेत. पदार्थ घडवतानाच त्याच्या थरांमध्ये बारीक सेन्सर पेरून ठेवायचे आणि त्यांनी तारेविना बाहेर खबर द्यायची, अशी ती कल्पना. ती कितपत खरी उतरली आहे आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

२. कंपोझिट बिघडतं कसं

कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असे हजारो तंतू एका दिशेने मांडून त्यांत इपॉक्सीसारखं चिकट रेझिन भरलं की मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका पातळ थर तयार होतो. हे थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचतात, कारण तंतू फक्त आपल्या लांबीच्या दिशेने बळकट असतो. मग ही चळत ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या दाबभट्टीत सुमारे १८० अंश सेल्सिअसला आणि वातावरणाच्या सातपट दाबाखाली पक्की केली जाते. तयार झालेला भाग त्याच वजनाच्या अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी बळकट असतो आणि तो गंजत नाही. दुबळेपणा असतो तो थराथरांच्या मध्ये, कारण तिथे आरपार जाणारा तंतू नसतो, नुसतं रेझिन असतं.

अशा भागावर एखादं अवजार पडलं, गारा आदळल्या किंवा सामानाची गाडी धडकली, तर वरच्या पृष्ठभागावर बारीकसा खळगा पडतो किंवा तोही पडत नाही. आतमध्ये मात्र आघात खाली जाताना पसरत जातो आणि थर एकमेकांपासून सुटतात. ओढण्याचा भार आला तर असा भाग बऱ्यापैकी टिकतो, कारण तंतू अजून शाबूत असतात. दाबण्याचा भार आला की खरी अडचण सुरू होते. एक छोटा हिशेब करू. पट्टीचा वाकायला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनावर ठरतो. ४ मिलिमीटर जाडीची एक अखंड पट्टी मधोमध सुटून २ मिलिमीटरच्या दोन झाल्या, तर प्रत्येकीचा विरोध मूळच्या एक अष्टमांश उरतो. दोघींचा मिळून एक चतुर्थांश. चार समान थर सुटले तर एकूण विरोध उरतो फक्त एक सोळांश. पदार्थाचा एक कणही कमी झालेला नाही, वजन तेच, रंग तोच, आणि तरी दाबाखाली तो भाग पंधरा आणे गमावून बसला आहे.

३. बाहेरून केलेली तपासणी

माठ घेताना आपण बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून पाहतो. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी चीर. विमानाच्या हँगरमध्ये आजही हीच युक्ती वापरली जाते; नाण्याने किंवा छोट्या हातोडीने पृष्ठभाग ठोकत जायचं आणि आवाज कुठे बदलतो ते ऐकायचं. याहून सूक्ष्म तपासणीसाठी श्राव्यातीत ध्वनीचा पट्टा फिरवतात, किंवा पृष्ठभाग किंचित तापवून तो कुठे उशिरा थंड होतो हे उष्णतेच्या कॅमेऱ्याने पाहतात. या पद्धती उत्तम आहेत आणि त्यांची कसोटी अनेक वर्षं लागलेली आहे. मात्र या सगळ्यांना जाणकार माणूस नेमक्या जागी पोचावा लागतो, त्यासाठी विमान जमिनीवर थांबवावं लागतं आणि पुष्कळदा आतलं अस्तरही उतरवावं लागतं.

इथे जाणकार वाचक पहिला आक्षेप घेईल. प्रमाणपत्र देताना नियमच असा आहे की, जे नुकसान डोळ्यांना जेमतेम दिसतं किंवा दिसत नाही, ते आत असतानाही त्या भागाने अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार आयुष्यभर पेलला पाहिजे. मग न दिसणाऱ्या इजेची भीती कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि कंपोझिटची विमानं इतकी सुरक्षित का ठरली याचं ते एक खरं कारणही आहे. पण या नियमाची किंमत मोजावी लागते. न दिसणारी इजा सगळीकडेच आहे असं गृहीत धरून सर्वत्र जादा थर द्यावे लागतात आणि ते वजन विमान जन्मभर वाहतं. शिवाय दिसणं आणि नुकसान यांचं नातं प्रत्येक वेळी टिकत नाही. धावपट्टीजवळ फिरणाऱ्या एखाद्या जड गाडीचा रबरी बंपर हळू वेगात पण मोठ्या वजनानिशी विमानाला टेकला, तर बाहेरचं आवरण लवचिकपणे आत दबतं आणि पुन्हा जागेवर येतं, खूण राहत नाही. आतल्या आधाराच्या कमानी मात्र तडकलेल्या असू शकतात. तेव्हा नियम चुकीचा नाही. डोळ्यावर टाकलेली ही एक जबाबदारी डोळ्याला पेलणारी नाही.

४. थरांमधले पहारेकरी

थरांमध्ये पेरण्याजोगे सेन्सर मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकाशतंतूचा. कॅनडात १९७८ साली केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या तंतूच्या गाभ्यात सूक्ष्म, समान अंतरावरच्या रेघांची एक जाळी तयार करून दाखवली. अशी जाळी तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातली नेमकी एकच तरंगलांबी परत पाठवते. तंतू ताणला गेला की रेघांमधलं अंतर वाढतं आणि परतणारी तरंगलांबी बदलते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात, लांबी दहा लाखांत एका भागाने वाढली तर हा बदल सुमारे १.२ पिकोमीटर असतो. पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग. अडचण अशी की तापमान एका अंशाने बदललं तरी सुमारे १० पिकोमीटरचा फरक पडतो. जमिनीवर ३० अंश आणि ३५ हजार फुटांवर उणे ५० अंश धरले, तर ८० अंशांमुळे ८०० पिकोमीटर सरकतात. हा आकडा तसाच वाचला तर तो भाग दर मीटरमागे ०.६७ मिलिमीटर आखडला असं खोटंच वाटेल. म्हणून शेजारी दुसरी एक जाळी सैल नळीत ठेवतात. तिला भार लागत नाही, फक्त तापमान लागतं. तिचं वाचन पहिलीतून वजा केलं की उरतो तो खरा ताण.

दुसरा प्रकार दाबविद्युत चकतीचा. काही स्फटिकांना दाबलं की वीज निर्माण होते, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलट, वीज दिली की ते थरथरतात. अशा पातळ चकत्या थरांत बसवल्या तर एक चकती कंप सोडते आणि बाकीच्या तो टिपतात. पातळ पत्र्यातून असे कंप कसे जातात याचं गणित होरेस लँब यांनी १९१७ मध्येच मांडून ठेवलं होतं. वाटेत थर सुटलेले असतील तर कंप उशिरा, क्षीण किंवा विस्कटून पोचतो. हँगरमधला माणूस बाहेरून जी टकटक करतो, ती इथे भागाच्या आतूनच होते. तिसरा प्रकार नुसता ऐकणारा: स्वतः काही न करता, तंतू तुटताना किंवा थर सुटताना जो बारीक आवाज होतो तो पकडायचा.

ऐकणारा आणि टकटक करणारा हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ऐकणाऱ्याला अखंड जागं राहावं लागतं. तो झोपलेला असताना झालेली इजा त्याला कधीच कळत नाही. टकटक करणाऱ्याला विचारलं तेव्हाच जागं व्हायचं असतं, कारण तो आजच्या उत्तराची तुलना निरोगी अवस्थेत जपून ठेवलेल्या जुन्या उत्तराशी करतो.

५. तार काढून टाकल्यावर

तारेत काय वाईट आहे? एअरबस ए३८० मध्ये सगळ्या तारा जोडल्या तर त्यांची लांबी पाचशे किलोमीटरच्या घरात जाते. त्यात हजारो सेन्सरांची भर घालणं परवडणारं नाही. पण वजनापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे थरांतल्या सेन्सरची तार भागाच्या कडेतून बाहेर काढावी लागते, आणि भट्टीतून निघाल्यावर कडा तर कापून घासून नीट करायची असते. तार नेमकी तिथेच तुटते. म्हणून बिनतारी सेन्सरची ओढ खरी आहे.

मात्र तारेबरोबर वीजही जाते. मनगटी घड्याळात किंवा गाडीच्या किल्लीत असते तशी नाण्याएवढी बॅटरी घेऊ. तिची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. सेन्सर बोलताना २० मिलिअँपिअर घेतो असं धरू. अखंड बोलला तर ११ तासांत बॅटरी संपली. तासाला एकदा, एक सेकंद बोलला आणि बाकी वेळ ५ मायक्रोअँपिअरवर झोपला, तर बोलण्यासाठी दिवसाला ०.१३ आणि झोपेसाठी ०.१२ मिलिअँपिअर-तास लागतात. बॅटरी पुरते सुमारे ८७० दिवस, म्हणजे अडीच वर्षंही नाही. विमान पंचवीस वर्षं उडायचं असतं, आणि बॅटरी बदलायला तो भाग उघडता येत नाही. मुळात बहुतेक साध्या बॅटऱ्या १८० अंशांच्या भट्टीतून जिवंत बाहेरच येत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे कंपनांतून किंवा तापमानातल्या फरकातून वीज गोळा करणं. वरच्या हिशेबातला सेन्सर सरासरी अवघे ३२ मायक्रोवॉट खातो आणि कंपनांतून इतकी वीज मिळवणं शक्य आहे. इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण जिच्यामुळे आपण एवढे चिंतेत आहोत ती सामानगाडीची धडक होते केव्हा? विमान उभं असताना. तेव्हा कंपनंही नसतात आणि तापमानाचा फरकही नसतो. ऐकणारा सेन्सर त्याच वेळी उपाशी झोपलेला असतो. माझ्या मते थरांत पेरलेल्या बिनतारी सेन्सरने अखंड ऐकण्याचा नाद सोडावा असं सुचवणारं हे सगळ्यात ठोस कारण आहे. त्याने तुलना करावी. तपासनीसाने हातातलं यंत्र जवळ नेलं की त्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच सेन्सरला वीज मिळावी आणि त्याने उत्तर द्यावं. मेट्रोचं बिनस्पर्श कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर याच तत्त्वाने चालतं, त्यात बॅटरी नसते. असा सेन्सर पंचवीस वर्षांनीही बोलू शकेल.

कार्बन कंपोझिटमध्ये आणखी एक अडसर आहे. कार्बनचे तंतू वीज वाहतात, त्यामुळे त्यांच्या थरांआड दडलेल्या अँटेनाच्या रेडिओ लहरी अडतात. अँटेना अगदी वरच्या थराजवळ ठेवावी लागते किंवा तेवढ्या जागी काचतंतूंची खिडकी द्यावी लागते. काचतंतू लहरींना अडवत नाहीत, म्हणून पवनचक्कीच्या पात्यात हे काम सोपं होतं; तिथे भीती असते ती विजेची, कारण पात्यातला धातू आकाशातल्या विजेला बोलावतो. म्हणून तिथे प्रकाशतंतू वापरतात आणि पात्याच्या बुडाशी बसवलेला वाचक, फिरत्या भागातून स्थिर भागाकडे, रेडिओने माहिती पाठवतो. सगळं बिनतारी करण्याचा हट्ट न धरता, तार जिथे खरोखर नेता येत नाही तिथेच रेडिओ वापरणं हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

माहितीचा आकारही पाहू. कंप नीट टिपायला सेकंदाला दहा लाख नोंदी, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे सेकंदाला १.६ कोटी बिट. कमी वीज खाणारे रेडिओ सेकंदाला अडीच लाख बिट पाठवतात. फरक ६४ पटींचा. त्यामुळे कच्ची नोंद बाहेर पाठवण्यापेक्षा हिशेब आतच करून ‘बदल झाला’ किंवा ‘झाला नाही’ एवढंच सांगावं लागतं. विमानातल्या अशा अंतर्गत रेडिओसाठी २०१५ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला केला. त्याच पट्ट्यात विमानाची उंची मोजणारी यंत्रंही काम करतात, तेव्हा एकाने दुसऱ्याला त्रास देऊ नये याची काळजी आलीच.

६. सेन्सर स्वतःच दोष ठरला तर?

हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. १२५ मायक्रॉनचा प्रकाशतंतू कार्बनच्या तंतूपेक्षा अठरा ते पंचवीसपट जाड, जवळपास एका आख्ख्या थराइतका. तो शेजारच्या तंतूंना आडवा घातला तर त्याच्या दोन्ही बाजूंना डोळ्याच्या आकाराची, नुसत्या रेझिनने भरलेली पोकळी राहते आणि थर सुटण्याची सुरुवात तिथूनच होऊ शकते. तो शेजारच्या तंतूंना समांतर घातला तर हा त्रास फारच कमी होतो, म्हणून तसाच घालतात. चकत्या आणि चिप मात्र याहून मोठ्या असतात. त्या कुठे बसवायच्या हे रचनाकाराने पहिल्याच आराखड्यात ठरवायला हवं. नंतर सुचलं म्हणून भाराच्या मुख्य वाटेवर चकती घुसवणं धोक्याचं.

आणि सेन्सरच बिघडला तर? दाबविद्युत चकती ठिसूळ असते. सुदैवाने ती तुटली किंवा सुटली की तिची वीज साठवण्याची क्षमता बदलते आणि तो बदल बाहेरून मोजता येतो. म्हणजे भागाची प्रकृती विचारण्याआधी सेन्सरची विचारता येते. ही सोय नसलेला सेन्सर थरांत पेरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

७. खोटी हाक

आतापर्यंतच्या अडचणी तंत्राच्या होत्या आणि त्यांवर तोडगे निघाले आहेत. खरी परीक्षा विश्वासाची आहे. एका विमानात १,००० सेन्सर आहेत आणि प्रत्येक जण शंभरातून एकदा विनाकारण ओरडतो असं धरू. दर उड्डाणानंतर १० खोट्या हाका येतील. खरी इजा हजार उड्डाणांत एकदाच होते असं केवळ हिशेबासाठी मानलं, तर एका खऱ्या हाकेमागे १०,००० खोट्या. आठवड्याभरात कोणीही ऐकणं सोडून देईल. निदान दोनातली एक हाक खरी निघावी असं वाटत असेल, तर प्रत्येक सेन्सरने दहा लाखांत एकदाच चुकायला हवं.

एकट्या सेन्सरला हे झेपत नाही, पण शेजाऱ्यांची साक्ष घेता येते. शंभरात एकदा चुकणारे तीन सेन्सर एकाच वेळी चुकण्याची शक्यता दहा लाखांत एक, मात्र त्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. थंडीने तिघेही एकदम फसत असतील तर तीन साक्षी म्हणजे एकच साक्ष. हीच गोम प्रमाणित करतानाही आड येते. तपासणीच्या पद्धतीकडून साधारण अपेक्षा असते की तिने ठरावीक आकाराचा दोष ९० टक्के वेळा पकडावा आणि हे ९५ टक्के खात्रीने सांगता यावं. त्यासाठी सोपा मार्ग म्हणजे २९ दोषांपैकी २९ पकडून दाखवणं, कारण ०.९ चा स्वतःशी २९ वेळा गुणाकार केला की उत्तर पाच टक्क्यांच्या खाली येतं. हातात यंत्र धरणाऱ्या तपासनीसाला २९ वेगळे नमुने देता येतात. जागेवर गाडलेल्या सेन्सरने एकाच दोषाचं २९ वेळा वाचन केलं तर ती २९ उदाहरणं होत नाहीत. खरोखर २९ वेगळे भाग घडवून, त्यांत सेन्सर पेरून, ते मोडावे लागतात. या क्षेत्राची गती मंद आहे ती मुख्यतः या खर्चामुळे, आणि हा खर्च टाळू नये असंच मी म्हणेन.

८. टायटनने काय दाखवलं

सेन्सर असूनही माणसं कशी दगावतात याचं उदाहरण विमानातलं नाही, समुद्रातलं आहे. १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली टायटन ही पाणबुडी आत दबून फुटली आणि पाचही जण मरण पावले. तिचा नळकांड्यासारखा मधला भाग सुमारे १३ सेंटिमीटर जाडीच्या कार्बन कंपोझिटचा होता. टायटॅनिक जिथे आहे तिथे, सुमारे ३,८०० मीटर खोलीवर, दाब वातावरणाच्या जवळपास ३८० पट असतो. म्हणजे दाबण्याचाच भार, कंपोझिटला सगळ्यात नकोसा. या पाणबुडीच्या आतल्या पृष्ठभागावर आवाज ऐकणारे आणि ताण मोजणारे सेन्सर चिकटवलेले होते. ते बिनतारी नव्हते आणि थरांतही नव्हते. पण भागाने स्वतःची प्रकृती सांगावी ही कल्पना तीच होती, आणि पाणबुडी चालवणारी ओशनगेट कंपनी सुरक्षिततेचा पुरावा म्हणून याच कल्पनेकडे बोट दाखवत असे.

कंपनीचे सागरी कामकाज प्रमुख डेव्हिड लॉक्रिज यांनी २०१८ मध्येच हरकत घेतली होती की अशी यंत्रणा पाणबुडी फुटायच्या आधी फार तर काही मिलिसेकंद सूचना देईल. त्यांना कामावरून काढण्यात आलं. प्रत्यक्षात सूचना कितीतरी आधी मिळाली. १५ जुलै २०२२ ला, ८० व्या बुडीवरून वर येताना, मोठा आवाज झाला. त्यानंतरच्या बुड्यांमध्ये ताणाच्या नोंदींचं वळण बदललेलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२५ मध्ये निष्कर्ष काढला की त्या बुडीनंतर कंपोझिटचे थर सुटलेले होते, कंपनीने नोंदींचा लावलेला अर्थ सदोष होता, आणि पाणबुडी तात्काळ सेवेतून काढायला हवी हे त्यामुळे तिला कळलंच नाही. म्हणजे सेन्सरांनी आपलं काम जवळपास वर्षभर आधी केलं होतं.

यावरून कोणी म्हणेल की दोष माणसांचा, तंत्राचा नाही. मला हे विभाजन मान्य नाही. नोंद किती बदलली तर थांबायचं, हे बदल होण्याआधी लिहून ठेवलेलं असणं आणि तो निर्णय ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्या हाती नसणं, हे दोन्ही त्या यंत्रणेचेच भाग आहेत. ते नसतील तर सेन्सर बसवलेलाच नाही असं समजावं. उलट ‘आमच्याकडे सेन्सर आहेत’ या भावनेने जुन्या तपासण्या आणि चाचण्या गाळल्या गेल्या, तर सेन्सर असणं हे नसण्यापेक्षा धोक्याचं.

९. मग बसवायचे कुठे

पहिला मान पवनचक्कीच्या पात्यांना द्यावा असं मला वाटतं. पातं मिनिटाला १२ फेरे घेतं आणि सतत फिरतं असं धरलं तर वर्षाला ६३ लाख फेरे होतात, वीस वर्षांत साडेबारा कोटी. प्रत्येक फेऱ्यात त्याच्या स्वतःच्या वजनाचा भार उलटापालटा होतो. इजा सावकाश वाढते, म्हणजे तुलनेला वेळ मिळतो. काचतंतू रेडिओला वाट देतात. तपासायला माणसाला दोरावर लटकावं लागतं किंवा ड्रोन पाठवावा लागतो, आणि ड्रोनला आतलं दिसत नाही. एखादी हाक खोटी निघाली तरी चक्की काही तास थांबते, एवढंच. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेत नँटकेट बेटाजवळ समुद्रातल्या व्हाइनयार्ड विंड प्रकल्पात १०७ मीटर लांबीचं एक पातं मोडलं आणि त्याचे तुकडे किनाऱ्यांवर वाहत आले. कारखान्यात भाग नीट चिकटले नव्हते आणि गुणवत्ता तपासणीत ते सापडायला हवं होतं, असं उत्पादकानेच सांगितलं. घडणीच्या वेळीच पेरलेला सेन्सर इथे दुहेरी उपयोगाचा ठरू शकतो, कारण रेझिन घट्ट होताना आत काय घडतं याची नोंदही तोच देऊ शकतो आणि पुढच्या वीस वर्षांची तुलना त्या पहिल्या दिवसापासून सुरू होते.

प्रवासी विमानात मात्र त्याला आणखी काही वर्षं दुय्यम जागाच द्यावी. सामानाच्या आणि प्रवाशांच्या दारांभोवतीचा भाग, जिथे गाड्या टेकतात, तिथे तो आधी यावा. विमान उभं असताना तपासनीसाने वाचक यंत्र फिरवावं, बदल दिसला तर श्राव्यातीत ध्वनीने तोच भाग नीट पाहावा, आणि नेहमीच्या तपासण्यांचं वेळापत्रक तसंच चालू राहावं. त्या वेळापत्रकातून एखादी तपासणी गाळायची परवानगी कोणी मागितली, तर २९ वेगळ्या भागांवरचा पुरावा आणि ‘इथे थांबायचं’ ही आधीच लिहिलेली मर्यादा, दोन्ही टेबलावर आल्याशिवाय नियामकाने ती देऊ नये.